गळ्यात पडलेली शिट्टी

शनिवार, ७ सप्टेंबर

वहिनी,

हा शब्द मी दोनदा खोडला आणि तिसऱ्यांदा पुन्हा तोच लिहिला. तुमचा आणि दादाचा कागदोपत्री निकाल लागल्यापासून तुम्हाला काय म्हणायचं ते आमच्या घरात कुणी ठरवलेलंच नाही. आई नुसतं ‘ती’ म्हणते. दादा काहीच म्हणत नाही. आणि मी तुमचं नाव घ्यायला गेलो की शाळेतल्या बाईंना नावाने हाक मारल्यासारखी जीभ अडखळते. दुसरं काही चालत असेल तर कळवा, तोवर वहिनीच.

पत्र शाळेच्या पत्त्यावर टाकतोय, कारण घरचा पत्ता मला ठाऊक नाही आणि फोन तुम्ही आमच्या अख्ख्या घराचा बंद करून ठेवलाय. तक्रार नाही. मी तुमच्या जागी असतो तर मीही केला असता.

आता मुद्दा. मी फुटबॉलचा प्रशिक्षक झालोय.

हसून झालं की पुढे वाचा.

सध्या मी एका लाँड्रीत कामाला आहे, राहतोही तिथेच. त्याआधी एका बोटीवर होतो, आणि त्याच्याही आधी पक्ष्यांच्या डॉक्टरकडे. पोपटाला गोळी कशी द्यायची यात एक युक्ती आहे. आधी आपण खाल्ल्याचं नाटक करायचं, म्हणजे त्याला वाटतं की... ते असो. तर लाँड्रीत इथल्या मुलांच्या एका क्लबाच्या जर्सी धुवायला येतात. नऊ-दहा वर्षांची पोरंपोरी, सगळ्यांच्या जर्सी एकाच पिशवीत. त्या क्लबात पद्धत अशी, की पिशवी घेऊन येतो तो प्रशिक्षक. जुन्या प्रशिक्षकांची बदली झाली. जाताना ते पिशवी आमच्याकडे टाकून गेले आणि नवीन कोण येणार ते कुणालाच सांगून गेले नाहीत. आज सकाळी मालकीणबाई म्हणाल्या, “जा, मैदानावर पोचवून ये.” मी गेलो.

“आलात एकदाचे!” एक बाई धावतच आल्या. त्या दातांच्या डॉक्टर आहेत, आणि बोलताना समोरच्याच्या डोळ्यांकडे न बघता दातांकडे बघतात. “आम्हाला वाटलं आता कुणी मिळतच नाही.”

“मी फक्त पिशवी...”

“हो, ठेवा तिथे. मुलांनो, सर आले!” आणि माझ्या गळ्यात शिट्टी.

वहिनी, मला जन्मात कुणी सर म्हटलेलं नाही. सांगायचं होतं हो, पण तोंडच उघडेना. उघडलं ते शिट्टी फुंकायला. मग मी सगळ्यांना मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या, कारण तेवढंच मला माहीत होतं. एक मुलगा पळता पळता घरीच गेला.

हे सोडून पळ काढला असता, तशी सवय आहे मला. पण मैदानाचा व्यवस्थापक येऊन एक सांगून गेला. शनिवारची सकाळ या मुलांची आहे. पण आठांपेक्षा कमी मुलं आली, की त्या दिवसापासून ती वेळ विमा कंपनीतल्या लोकांना. ते विमावाले कुंपणाबाहेर रांगेत उभे असतात. चड्डीत, पोटं पुढे काढून, दर शनिवारी. आणि त्यांचा कप्तान मोठ्याने मुलं मोजतो. आज बारा भरली. पुढच्या शनिवारी माझ्याकडे पाहून किती भरतील ते तुम्हीच सांगा.

दहावीला तुम्ही मला गणितात मागून ढकलून पास केलंत. तुम्ही स्वतः कॉलेजच्या टीममध्ये होतात, आता शाळेत खेळच शिकवता. एवढंच सांगा, बारा मुलांचं एक तास करायचं काय?

तुमचा,
(दीर होतो. आता काय ते तुम्ही ठरवा.)


सोमवार, १६ सप्टेंबर

वहिनी,

उत्तर आलं! पाकिटावर तुमचं अक्षर दिसलं आणि मी इस्त्री एका चादरीवर तशीच ठेवून दिली. आता ती चादर माझ्या अंथरुणावर असते. मधोमध इस्त्रीचा ठसा, बोटीसारखा.

तुम्ही लिहिलंत, “फोन करू नकोस, लिही. लिहिताना निदान तुझं एखादं वाक्य पुरं होतं.” मान्य. आणि “वहिनी म्हण, मी नवरा सोडलाय, तुला दहावी पास केल्याचं श्रेय सोडलेलं नाही.” हे मी मालकीणबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, “बाई हुशार आहे, तुमच्या घरात कशी काय आली?” मी म्हटलं, लग्न करून.

आता शनिवारचा अहवाल. तुम्ही दोन गोष्टी सांगितल्या होत्या. रांगा लावू नकोस आणि प्रत्येकाच्या पायाशी एक चेंडू हवा. त्याखाली सरावाची आकृतीही काढली होती, फुल्या, गोळे आणि बाण.

आधी आकृती. फुल्या म्हणजे मुलं आणि गोळे म्हणजे जमिनीवर ठेवायच्या खुणा, असं तुमच्या डोक्यात असणार. माझ्या डोक्यात उलटं बसलं. त्यामुळे मी मुलांना खुणांच्या जागी उभं केलं, खांबासारखं, हलायचं नाही. आता बाणाप्रमाणे पळणार कोण? पळायला कुणी उरलंच नाही, म्हणून मी पळालो. अर्धा तास. मुलं एकदम शिस्तीत उभी, आणि मी त्यांच्यामधून नागमोडी, चेंडू घेऊन. पालकांनी टाळ्या वाजवल्या. डेंटिस्टबाई म्हणाल्या, “सर स्वतः करून दाखवतात, हे किती छान!” कुंपणापलीकडून विम्याचा कप्तान म्हणाला, “यांना घाला रे आपल्या टीममध्ये.”

मग चेंडू. क्लबाकडे चेंडू तीन, त्यातला एक अंडाकृती झालाय. बाकीचे आणायचे कुठून? पण आमच्या लाँड्रीत एक मोठं गाठोडं आहे, मालक न सापडलेल्या मोज्यांचं. माणसं एकेक मोजा हरवतात आणि तो न्यायला कुणी परत येत नाही, ही गोष्ट मला इथे आल्यावर कळली. शर्टाचं बटण हरवलं तर भांडायला येतील, पण मोज्यासाठी नाही. तर ते मोजे एकात एक कोंबून, वरून घट्ट शिवून मी चेंडू केले. फार उड्या मारत नाहीत, पण पायात राहतात. पोरं खूश. शेवटी प्रत्येकाच्या पायाशी चेंडू!

मुलांची ओळख करून देतो. एका मुलीला सगळे टोपी म्हणतात, ती गोलकीपर आहे आणि लोकरीची टोपी उन्हातही काढत नाही. एक मंत्री आहे. तो जागचा हलत नाही, पण पूर्ण वेळ बोलतो आणि दुसऱ्यांना हात करून कुठे जायचं ते सांगतो. आणि एक घाई. ती इतकी जोरात पळते की कधी कधी चेंडू मागेच राहतो. मी तिला मागे ठेवलंय, म्हणजे चेंडू तिच्यापर्यंत पोचायला वेळ मिळेल. बरोबर ना?

शनिवारी अकरा आली होती. घरी पळालेला आलाच नाही.


रविवार, २२ सप्टेंबर

वहिनी,

काल आमचा पहिला सामना झाला. अगदी चुरशीचा. थोडक्यात गेला.

बरं, नऊ-शून्य. पण शून्यापर्यंत आम्ही फार चांगले खेळलो.

मोज्यांचं मात्र अंगाशी आलं. सामन्याआधी मुलं त्या चेंडूंनी खेळत होती. वकीलसाहेब, म्हणजे आमच्या जुळ्यांचे बाबा, मैदानाच्या कडेला खुर्ची टाकून बसले होते. एक चेंडू गडगडत त्यांच्या पायाशी गेला. त्यांनी उचलला, फिरवला, नाकाशी नेला.

“हा माझा मोजा आहे.”

मी म्हटलं, “साहेब, निळे मोजे सगळ्यांचेच असतात.”

“यावर बदक आहे. माझ्या बायकोने भरतकाम केलंय. दोन वर्षं ती मला विचारतेय, बदक कुठंय?” असं म्हणत त्यांनी शिवण उसवायला सुरुवात केली. भर मैदानात. आतून आणखी कुणाकुणाचे मोजे निघत गेले, तसे बाकीचे पालक जमा झाले. डेंटिस्टबाई म्हणाल्या, “म्हणजे माझ्या मुलाच्या पायाशी इतके दिवस कुणाचे मोजे होते?” मी सांगितलं, धुतलेले. ते कुणी ऐकलं नाही. वकीलसाहेब उजव्या हातात बदक आणि डाव्या हातात जुळे घेऊन निघून गेले. बदक परत येणार नाहीच, पण जुळेही येणार नाहीत असं सांगून गेले.

घाईलाही पलीकडच्या मोठ्या क्लबाने बोलावून घेतलंय. तिची आई फार प्रेमाने म्हणाली, “तुम्ही वाईट वाटून घेऊ नका, तुमचा स्वभाव चांगला आहे.” स्वभावाबद्दल कुणी बोललं की समजावं.

म्हणजे उरले आठ. बरोब्बर आठ. आता कुणाला साधी सर्दी झाली तरी मैदान गेलं. काल विम्याचा कप्तान घसा साफ करत होता, मोजायच्या आधी गायक करतात तसा. माझं धाबं दणाणलंय. मुलांना अजून काही कळलेलं नाही. टोपीने विचारलं, “सर, पुढच्या वर्षी पण मीच गोलकीपर ना?” मी हो म्हटलं. आता ते हो कसं निभवायचं?

एक गंमत मात्र सांगतो. आज जर्सी धुताना माझ्या लक्षात आलं. टोपीची जर्सी कोरी करकरीत. नऊ गोल झाले आणि हिच्या कोपरालाही माती नाही! म्हणजे ती उडीच मारत नाही. मंत्र्याच्या जर्सीला फक्त पाठीवर गवत. म्हणजे सामना चालू असताना साहेब कधीतरी आडवे झाले होते. एका लाजऱ्या मुलाच्या जर्सीची फक्त बाही चघळून ओली. उगाच सांगितलं. चार महिने डाग बघतोय, त्यामुळे दिसतं एवढंच.


सोमवार, ३० सप्टेंबर

वहिनी,

“उगाच सांगितलं म्हणतोस, आणि तुझ्या तिन्ही पत्रांत कामाची गोष्ट तेवढीच आहे,” असं तुम्ही लिहिलंत. मी ते कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवलंय.

तुम्ही सांगितलंत तसंच केलं. चेंडूमागे पळायला लावण्याआधी पडायला शिकव. शनिवारी मी मुलांना सांगितलं, आज सामना विसरा. आज ज्याची जर्सी सगळ्यात मळेल तो जिंकला. मग जे काही झालं ते मी लिहू शकत नाही. गोलपाशी एक नळ गळतो, तिथे चिखल असतो. टोपीने आधी एक पाय घातला, मग माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. आणि ती उडाली, वहिनी! चेंडू कुणी मारलाच नव्हता, पण काय उडाली! लाजऱ्या मुलाने बाही तोंडातून काढली आणि पाठोपाठ उडी घेतली. मंत्रीसुद्धा पडला. अर्थात भाषण करता करता.

डेंटिस्टबाईंनी मुलाला गाडीत बसवताना खाली पेपर अंथरला. तरी हसत होत्या. “सर, हे तुम्हाला सुचतं कसं?”

इथे एक लहानशी गोष्ट आहे, ती मी पुढच्या पत्रात लिहीन.

नको, आत्ताच लिहितो. नाही, पुढच्याच.

काल दादाचा फोन होता. मी बोलता बोलता सांगून बसलो, की तुमची पत्रं येतात. तो म्हणाला, “ती अजून शब्दांवरच्या रेघा शेवटी एकदम मारते का?” मी हो म्हटलं. तो म्हणाला, “बरं. ठेवतो.” हे तुम्हाला सांगायला हवं होतं की नको, ते मला कळत नाही. पण मी न सांगता राहिलो असतो तर पोटात दुखलं असतं.


मंगळवार, ८ ऑक्टोबर

वहिनी,

तुमचं पत्र मिळालं. तुमच्या शाळेत डेंटिस्टबाईंचा फोन येईल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

ती लहानशी गोष्ट म्हणजे हीच. मुलं सोडून चालली तेव्हा उरलेल्या पालकांना थोपवायला मी म्हणालो, की आमच्या संघाच्या तांत्रिक संचालक एक मोठ्या खेळाडू आहेत, मागून सगळं त्याच बघतात. तुमचं नाव आणि शाळाही सांगितली. एवढंच. पुढचं पालकांनी घातलं. तुम्ही क्लबाच्या बक्षीस समारंभाला येणार हे डेंटिस्टबाईंनी परस्पर ठरवलं. मी फक्त नाही म्हणालो नाही.

तुम्ही लिहिलंय: “तू मला विचारलंस का? मी खेळणं सोडणार आहे, हे तुझ्या दादाने एके काळी सगळ्यांना परस्पर सांगून टाकलं होतं. मला ते शेजारणीकडून कळलं. आता मी कुठली तरी संचालक आहे हे एका दातांच्या डॉक्टरकडून कळतंय. तुमच्या घराला माझ्या वतीने बोलायची फार हौस. यापुढे पत्र पाठवू नकोस.”

मला दादाची ती गोष्ट माहीत नव्हती. घरात सांगतात की तुमचे स्वभाव जुळले नाहीत.

पाठवू नकोस म्हणालात तरी हे एक पाठवतोय, कारण न पाठवता माफी कशी मागायची ते मला माहीत नाही. चुकलं माझं. पुढे त्याला काही जोडत नाही. जोडलं की मी भरकटतो.


शनिवार, १२ ऑक्टोबर, सकाळ, बस स्थानक

वहिनी,

माझ्याकडे तिकीट आहे. कुठलं ते महत्त्वाचं नाही, मलाही नीट माहीत नाही. बोटीवरचा एक जुना दोस्त तिकडे आहे.

आज नऊला सामना आहे. पण मुलांनी तरी मला का सहन करावं? टोपीला कालपासून ताप आहे. ती नाही म्हणजे सात. म्हणजे मैदान तसंही जाणार. मग ते जाताना मी कशाला बघत उभा राहू? मालकीणबाई झोपल्या होत्या, त्यांना न उठवता पिशवी उचलून निघालो. हे पत्र टाकणार नाही बहुतेक.

गाडी लागली.


तोच दिवस, संध्याकाळ

वहिनी,

ऐका. गाडीत गारठा होता म्हणून स्वेटर काढायला पिशवी उघडली, तर आत जर्सी! लाँड्रीत सगळ्या पिशव्या सारख्याच, पांढऱ्या, नाडीच्या. मी माझे कपडे खुंटीवर सोडून संघाचे कपडे घेऊन पळालो होतो. माझ्यासारखा कपाळकरंटा तुम्हाला शोधून सापडणार नाही. पळून जायचं तेही धड जमलं नाही.

मी ओरडलो, “थांबवा!” ड्रायव्हर म्हणाला, “काय विसरलं?” मी म्हटलं, “काही नाही, जास्त आणलंय.” मग उलट दिशेच्या एका दूधवाल्याच्या गाडीत कॅनांच्या मधे बसून आलो. पोचलो तेव्हा सामन्याची वेळ होत आली होती. सात मुलं बनियनवर उभी, थंडीने आखडलेली. पालक कुणाला तरी फोन लावत होते. समोरचा संघ गवतावर बसून संत्री सोलत होता. आणि विमावाले या वेळी कुंपणाच्या आत.

कप्तानाने मोजलं. मोठ्याने नाही, हळू. “सात.”

व्यवस्थापक म्हणाला, “नियम तुम्हाला माहीत आहे, सर.”

आणि मला तुमचं ते वाक्य आठवलं, तू मला विचारलंस का. मी आजवर कुणालाच काही विचारलं नव्हतं. म्हणजे तुम्हाला विचारत होतो, पण चोरून, आणि बाहेर सगळं येत असल्यासारखं वागत होतो.

मी म्हटलं, “मी सर नाही. मी लाँड्रीतला आहे. त्या दिवशी पिशवी द्यायला आलो होतो. मला फुटबॉलमधलं काही येत नाही. ऑफसाइड म्हणजे काय ते मला अजून माहीत नाही. ज्या बाईंचं नाव मी सांगितलं त्यांना मी विचारलंही नव्हतं, त्यांचा यात काही दोष नाही. मला मदत हवी आहे. कुणालाही येत असेल तर सांगा.”

डेंटिस्टबाई माझ्या दातांकडे बघत होत्या. “मग सर कोण आहेत?”

“सर नाहीतच.”

मंत्री म्हणाला, “म्हणजे आता आम्ही कुणाचं ऐकायचं नाही?”

“आत्तापर्यंत कुणाचं ऐकत होतास?” मागून कुणीतरी म्हणालं. वळून पाहिलं तर विम्याचा कप्तान. तो माझ्याकडे आला. पोट आधी, मग तो. “तुम्हाला येत नाही हे आम्हाला पहिल्याच दिवशी कळलं हो. शिट्टी उलटी धरली होती. पण त्या पळणाऱ्या मुलीला मागे कशाला ठेवलीत? आम्ही इथून ओरडून दमलो!”

“आणि याला मधे घाला,” दुसरा विमावाला मंत्र्याकडे बोट करून म्हणाला. “एवढा बोलतो, तर मधे उभा राहून बोलू दे. बाकीच्यांना कळेल तरी कोण कुठंय.”

तिसरा म्हणाला, “टोपीवाली कुठे आहे? तिची डावीकडची उडी अजून कच्ची आहे.”

वहिनी, ही माणसं दर शनिवारी नुसतं मोजत नव्हती! आमच्या एकेका मुलाबद्दल त्यांच्यात भांडणं होती. एकजण तर लाजऱ्या मुलाबद्दल इतकं पोटतिडकीने बोलला, की त्या मुलाच्या आईने विचारलं, “आपण ओळखतो का?”

मी कप्तानाला विचारलं, “तुम्ही शिकवाल का यांना?” वहिनी, आधी विचारलं, मग थांबलो. पुढे काही जोडलं नाही.

त्याने आपल्या माणसांकडे पाहिलं. “खरं सांगू का, आमची टीमच जमत नाही. सहा येतात, त्यातला एक गुडघा धरून बसतो. उरलेले किती वेळ धावणार?” मग व्यवस्थापकाला म्हणाला, “शनिवारची वेळ आमच्या नावावर झाली ना? मग आम्हाला ती मुलांसकट हवी. आधी ती खेळतील, मग आम्ही. आणि किती आले ते मोजायचं बंद.”

व्यवस्थापक म्हणाला, “असा नियम नाही.” कप्तान म्हणाला, “असा नियम नाही असाही नियम नाही. विम्यात आहे मी, मला नियम सांगू नका.”

सामना आम्ही सातजणांत खेळलो आणि हरलो. किती ते सांगत नाही, पण एका हाताची बोटं पुरली. मला त्यांनी काढलं नाही. डेंटिस्टबाई म्हणाल्या, “शिट्टी राहू दे तुमच्याकडे, उलटसुलट काय ते कप्तान दाखवतील.” आणि थोडं थांबून, “जर्सी पण धुवाल ना?”

आता एक विचारतो. विचारतोय, सांगत नाही. सव्वीस तारखेला, शनिवारी, आमचा शेवटचा सामना आहे. तुम्हाला बघायला यावंसं वाटेल का? यायचं नसेल तर उत्तरही देऊ नका. मी कुणाला काही बोललेलो नाही. दादाला नाही, मालकीणबाईंनाही नाही. सकाळचं न टाकलेलं पत्र यासोबत ठेवलंय, म्हणजे काही लपवलं असं व्हायला नको.


रविवार, २७ ऑक्टोबर

वहिनी,

तुमचं उत्तर आलं नाही, तेव्हा मी समजलो. काल सकाळी मी कुंपणाकडे पाहायचंच नाही असं ठरवलं होतं. पहिल्या अर्ध्यात जमलं.

घाई परत आली, सांगायचं राहिलं. मोठ्या क्लबात तिला नुसतं राखीव म्हणून बसवत होते. विमावाल्यांनी तिच्या आईला गाठून विचारलं, आणि बहुधा सोबत एखादी पॉलिसीही विकली. जुळे काही आले नाहीत. काल ती पुढे होती, मंत्री मधे. मंत्री तिला ओरडून सांगत होता, ती चक्क ऐकत होती, आणि लाजऱ्या मुलाने चेंडू असा काही सरळ तिच्या पायात दिला की मी शिट्टी वाजवली. ती वाजवायचा अधिकार पंचांचा असतो म्हणे. त्यांनी मला दम दिला. तोवर गोल झालेला होता!

मग दुसरा अर्धा. समोरच्यांनी डाव्या कोपऱ्यात मारला, आणि टोपी उडाली. डावीकडे. चेंडू अडला, टोपी निघाली, तिच्या डोक्यावरचे केस पहिल्यांदाच सगळ्यांना दिसले. मी ओरडत वळलो, आणि कुंपणाशी तुम्ही.

तुम्ही टाळी वाजवत नव्हतात. हाताची घडी घालून, मान थोडी वाकडी, माझं गणित तपासताना उभ्या राहायचात तशा. मला यायचं होतं हो, पण त्याच क्षणी मंत्र्याची बुटाची नाडी सुटली आणि त्याला ती बांधता येत नाही. मी बांधली. मग कुणाच्या तरी नाकातून रक्त आलं. मग समोरच्यांचा एक गोल झाला आणि आमच्या पोरांनी माना टाकल्या. तेव्हा मी त्यांना सोडून यायला हवं होतं की नको? मी नाही आलो. अगदी शेवटी घाईने आणखी एक मारला आणि सामना संपला, दोन-एक. आमचे दोन, वहिनी! पोरं अंगावर पडली, मी खाली. वर डोकं काढलं तेव्हा तुम्ही गेलेल्या होतात.

डेंटिस्टबाईंनी विचारलं, “त्या कोण होत्या? खेळाडू वाटत होत्या.” मी म्हटलं, माहीत नाही. तुम्हाला विचारल्याशिवाय कसं सांगणार?

पण तुम्ही कप्तानाशेजारी उभ्या होतात. आज सकाळी तो त्याचे शर्ट टाकायला लाँड्रीत आला होता, तेव्हा त्याने सांगितलं. त्याने तुम्हाला सहज विचारलं होतं, यातलं तुमचं कुठलं. आणि तुम्ही बोट केलंत म्हणे, सरळ माझ्याकडे.

“ते लांबडं, शिट्टीवालं. आत्ताच लागलंय शिकायला.”